कय्युमसाहेबांची जागा

आजारी माणसाला बघायला रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढाच विचार पुंजारामनं त्या दिवशी केला. विचार साधा होता, कुणाच्याही मनात येईल असा. पण पुढं जे जे घडलं ते सगळं त्या एका विचारापायी घडलं, आणि त्यानंतर पुंजारामनं शक्यतो विचार करायचंच सोडून दिलं.

पुंजाराम मूळचा पिशोरचा. बाप कडूबा शेतकरी. दोन पोरं. थोरल्याला औत धरता येत होतं, पुंजारामला येत नव्हतं. त्यानं एकदाच औत धरलं, तेव्हा बैल शेजाऱ्याच्या कपाशीत जाऊन उभे राहिले आणि पुंजाराम बांधावर बसून रडला. कडूबानं ते बघितलं, कपाळाला हात लावला आणि पोराला तालुक्याच्या गावी, कन्नडला, उर्दू शाळेत घातलं. मिडल पास झाल्यावर पोरगं औरंगाबादेला निजामसरकारच्या एका कचेरीत चिकटलं, तेव्हा कडूबानं पारावर सांगून टाकलं, "धाकला सायब झाला."

साहेब नव्हे, उमेदवार झाला होता.

उमेदवार म्हणजे काय, हे कचेरीबाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे. उमेदवार रोज वेळेवर येतो. शेरवानी घालतो, डोक्यावर रुमी टोपी चढवतो, कागदांच्या नकला उतरवतो, दौतीत शाई भरतो, बाडं ह्या कपाटातून त्या कपाटात नेतो. फक्त त्याला पगार नसतो आणि खुर्ची नसते. कुण्या अहलकाराची, म्हणजे पगारी कारकुनाची, जागा रिकामी झाली की ती आपल्याला मिळेल, ह्या उमेदीवर तो सतरंजीच्या कोपऱ्यावर बसून असतो. जागा रिकामी व्हायला वाटा दोनच. एक, अहलकार आपणहून घरी बसणार; त्या कचेरीत तसली घाई कुणालाच नव्हती. दुसरी वाट परमेश्वराच्या हातात होती. (त्यामुळे उमेदवार मंडळी अहलकारांच्या तब्येतीची चौकशी फार जिव्हाळ्यानं करत. कुणी नुसतं शिंकलं तरी सतरंजीवरच्या सगळ्या माना वर व्हायच्या.)

पुंजारामचं बिऱ्हाड उस्मानपुऱ्यात, घरमालकीण जोहराआपांच्या आवारात होतं. एक खोली, पुढं ओसरी. दाणे पिशोरहून यायचे आणि दाण्यांबरोबर दरवेळी कडूबाचा एकच सवाल यायचा, "लागली का?" ह्या खेपेला मात्र निरोप जरा लांबला होता आणि त्यात अक्षय्य तृतीयेची मुदत होती. "आखाजीपतुर लागली तर लागली. नायतर बायकू घिऊन वापस ये. शेरडं राखाया मानूस पायजे."

अशात एक दिवस कचेरीत मुन्सरिम फारूखसाहेबांनी त्याला जवळ बोलावलं. मुन्सरिम म्हणजे सगळ्या कारकुनांचे म्होरके. गंभीर माणूस, आनंदाची बातमीसुद्धा सुतकी चेहऱ्यानं सांगायचे.

"पुंजाराम, कय्युममियाँका दमा बहुत जोर पे है. हा हिवाळा काही निघत नाही त्यांचा. पहिला नंबर तुझा आहे. समझे?"

पुंजाराम समजला. कय्युमसाहेब म्हणजे आस्थापनेच्या मेजावरचे म्हातारे अहलकार. नेमणुका, बढत्या, बडतर्फ्या, सगळे हुकूम त्यांच्या हातून जायचे. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. पुंजारामला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. अगदी खरंच वाटलं. पण त्या वाईट वाटण्याच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि घरी पोचेपर्यंत ते तोंडावर आलं.

भाकरी थापता थापता त्याच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, बघितलं. "काय वं? लागली का?"

"लागली नाय. पर लागंल आता. आमच्या कचेरीतले एक साहेब लई आजारी हायेत."

द्वारकाबाईचा हात थांबला. "मंग हसता काहून?"

"हसतोय कुठं? माझं तोंडच तसं हाय."

"लगीन झाल्यापसून बघायली तुमचं तोंड. आसं कव्हा नव्हतं."

पुंजारामनं तोंड नीट केलं आणि म्हणाला, "बघून येतो म्हनलं त्यांला. रिकाम्या हातानं बरं दिसत नाय. काहीतरी दे करून."

किती आजारी आहेत ते डोळ्यांनी बघून यावं, हा खरा हेतू. डबा आपला निमित्ताला. पण द्वारकाबाईला निमित्ताचं रांधता येत नव्हतं. तिनं हुलग्याचं माडगं केलं, त्यात लसूण ठेचून घातला, वरून तुपाची धार सोडली आणि डबा फडक्यात बांधून दिला.

कय्युमसाहेबांची खोली छावणीच्या वाटेवर होती. दार उघडंच होतं. आत बाजेवर एक पांघरूण पडलं होतं आणि त्या पांघरुणातून मोडक्या भात्यासारखा आवाज येत होता. माठ कोरडा. आदल्या दिवशीच्या पावाला मुंग्या लागलेल्या. पुंजारामनं मनात म्हटलं, फारूखसाहेब बरोबर बोलले, हिवाळा कसला, शुक्रवारसुद्धा निघत नाही.

"कोण?" पांघरूण बोललं.

"मी, पुंजाराम. उमेदवार. घरच्यांनी माडगं दिलंय."

म्हातारा उठून बसला तोच मोठा सोहळा झाला. पहिला घोट गेला, ठसका लागला. दुसरा गेला. मग त्यांनी वाटी दोन्ही हातांत धरली, डोळे मिटले आणि सगळं माडगं संपवूनच डोळे उघडले. कपाळावर घाम फुटला होता. छातीतला भाता जरा सावकाश चालायला लागला होता.

"बेटी के हाथ में शिफा है," ते म्हणाले. हाताला गुण आहे.

पुंजाराम घरी आला तो पडलेल्या चेहऱ्यानं.

"काय झालं? खाल्लं न्हाई का त्यांनी?"

"खाल्लं. समदं खाल्लं."

"मंग?"

पुंजारामनं रिकामा डबा घासायला टाकला.

दुसऱ्या दिवशी डबा नेऊन दे म्हणून द्वारकाबाई मागं लागली. पुंजारामनं कचेरीचं काम पुढं केलं, तर ती स्वतः गेली. संध्याकाळी तो घरी येतो तर आवारात तांगा उभा. तांगेवाला आणि द्वारकाबाई मिळून कय्युमसाहेबांना ओसरीवर उतरवत होते आणि जोहराआपा बाजेवर गोधडी टाकत होत्या.

पुंजारामनं बायकोला बाजूला घेतलं. "ह्ये काय केलंस तू?"

"येकला जीव मराया लागलाय, माठात पानी न्हाई. आन तुमी नुसतं बघून येता? मान्सं हायेत का कोन?"

"अगं, पर ते..." पुढचं वाक्य पुंजारामला बोलता येईना. 'ते जगले तर मी मेलो' हे वाक्य मनात बरं असतं, चुलीपाशी उभं राहून बायकोला सांगता येत नाही.

अशा रीतीनं पुंजारामच्या नोकरीतला एकुलता एक अडथळा त्याच्याच ओसरीवर, त्याच्याच गोधडीत, त्याच्याच वाट्याचं तूप खाऊन दिवसेंदिवस बरा व्हायला लागला. जोहराआपांची भाची फहमिदाबेगम जनाना दवाखान्यात मोठी नर्स होती. ती अधूनमधून यायची, छातीला नळी लावायची आणि म्हणायची, "अजीब बात है. औषधानं नाही, हे हिच्या हातानं चाललंय." द्वारकाबाई शेक द्यायची, पाठीला तेल चोळायची, रात्रीचं भिजवलेलं काहीबाही सकाळी वाटून पाजायची. पिशोरकडचे चार लोक काय म्हणतील, हे पुंजारामनं एकदा काढून बघितलं. ती म्हणाली, "चार लोकायला म्हनाव, या आन पाठ चोळा."

बसायला लागल्यावर कय्युमसाहेबांनी पुंजारामनं लिहिलेला एक कागद बघायला मागितला. बघितला आणि कण्हले. (दम्यानं नव्हे.)

"मियाँ, ही अक्षरं आहेत की मेलेले डास? आणा ती पाटी."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ओसरीवर शाळा भरायला लागली. मोडीव, म्हणजे कचेरीतल्या भरभर वळणाची, उर्दू कशी लिहायची, साहेबांपुढं कागद कसा मांडायचा, कुठल्या अर्जाला 'विचाराधीन' म्हणून वर्षभर झोपवायचं आणि कुठला तासात सही करून आणायचा, सगळं म्हाताऱ्यानं शिकवलं. पुंजारामचं अक्षर सुधारलं. आणि म्हाताऱ्याला रात्री उबळ आली की पुंजाराम आता आधी उठून पाणी द्यायचा. मागून त्याला आठवायचं की आपल्याला ह्या खोकल्याचा आनंद व्हायला पाहिजे होता.

एका संध्याकाळी पाटी पुसता पुसता कय्युमसाहेब सहज म्हणाले, "तू पहिल्या दिवशी का आला होतास, मला ठाऊक आहे."

पुंजाराम लेखणी टाकून उठायला लागला.

"अरे, घाबरतोस काय? मी उमेदवार होतो तेव्हा बाकरसाहेब आजारी पडले. मी त्यांच्याकडे डाळिंबं घेऊन गेलो होतो. रोज. एक एक दाणा सोलून भरवायचो आणि डोळ्यांत बघायचो, अजून किती दम आहे." त्यांनी पाटी बाजूला ठेवली. "ते गेले बिचारे. डाळिंबं आंबट निघाली. तुझं नशीब बघ, तुझी बायको चांगलं रांधते."

त्या दिवशी पुंजाराम जेवला नाही.

हिवाळा सरला. आखाजी जवळ आली. आणि मग ती सकाळ उजाडली.

पुंजाराम पहाटेच फारूखसाहेबांच्या घरी कसलीशी बाडं पोचवायला गेला होता. परत येतो तर खोलीला कुलूप. ओसरीवरची बाज उभी करून ठेवलेली, गोधडी दोरीवर वाळत घातलेली. आवारात जोहराआपा तांदूळ निवडत होत्या. आपांच्या तोंडात दात थोडे उरले होते, त्यामुळं शब्दही अर्धेमुर्धेच बाहेर पडायचे.

"आपा, कय्युमचाचा कुठंयत?"

"गये ना. खुल्द कू गये सबेरेच."

आता, आपांना म्हणायचं होतं खुलदाबाद. तिथं दर्ग्याचा उरूस होता आणि रजा संपायच्या आत बरं वाटल्याचा नवस फेडायला म्हातारा तांग्यानं गेला होता. पण खुल्द ह्या शब्दाचा उर्दूत अर्थ स्वर्ग, आणि कचेरीत कुणी मेलं की कागदावर 'खुल्दला गेले' असंच लिहितात, हे पुंजारामला त्याच ओसरीवर कय्युमसाहेबांनीच शिकवलं होतं. उर्दू न शिकलेल्या माणसाला हा शब्द कळला नसता. पुंजारामचं शिक्षण आडवं आलं.

"कसे... कसे गेले?"

"आराम से गये. हँसते हँसते."

"आणि आमच्या घरातली?"

"वो बी साथ गई. छोडने कू. तांगे में."

(बायका कबरस्तानात जात नाहीत, हे पुंजारामला चांगलं ठाऊक होतं. माणसाला तांग्यातून कुणी पुरायला नेत नाही, हेही ठाऊक होतं. पण त्याच्या मनात आलं ते असं, की खांदा द्यायला घरात पुरुष नव्हता, म्हणून बिचारीला तांगा करावा लागला.) त्याला हुंदका फुटला. भर रस्त्यानं रडत तो कचेरीकडे निघाला. रडणं खरं होतं, त्यात खोट काढता येणार नाही. पण अर्ध्या वाटेवर त्याच्या लक्षात आलं, की आपण रडता रडता मनातल्या मनात अर्जाचा मायना जुळवतोय, आणि मायना उत्तम जमलाय.

कचेरीत बातमी पोचताच कामं थांबली. फारूखसाहेबांनी सगळ्यांना उभं करून गेलेल्यासाठी फातिहा म्हटला. कुणी म्हणालं, असा माणूस पुन्हा होणे नाही. कुणी म्हणालं, कधी कुणाला दुखावलं नाही. (ही तीच माणसं, जी म्हाताऱ्याला मागून 'खोकलेशहा' म्हणायची.) बडे साहेब दौऱ्यावर निघाले होते, बाहेर मोटार घुरघुरत होती. फारूखसाहेब कागद घेऊन धावले. साहेबांनी मोटारीच्या टपावर कागद ठेवूनच सही ठोकली. कय्युमसाहेब खुल्दला गेल्यामुळं रिकाम्या झालेल्या जागी पुंजारामची नेमणूक.

पुंजाराम अहलकार झाला. उरलेला दिवस कचेरी शोकानं बंद राहिली.

सगळी कचेरी सांत्वनाला उस्मानपुऱ्यात आली. जोहराआपा भाचीकडं गेल्या होत्या, खोलीला कुलूपच होतं. मंडळी आवारात बाजांवर, दगडांवर, मिळेल तिथं मान खाली घालून बसली. पुंजाराम मधोमध. दिवस मावळायला आला तेव्हा दाराशी घुंगरं वाजली आणि तांगा थांबला.

आधी द्वारकाबाई उतरली. तिच्या मागून काठी टेकत, हातात रेवड्यांचा पुडा आणि गळ्यात फुलांची माळ घालून, कय्युमसाहेब उतरले.

कुणीही हललं नाही. एका उमेदवाराच्या तोंडून चमत्कारिक आवाज निघाला, तेवढाच.

कय्युमसाहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. टोप्या, उतरलेले चेहरे, मधोमध बसलेला पुंजाराम, त्याचे सुजलेले डोळे. म्हातारा सद्गृहस्थ होता. दुःखाच्या घरी आधी चौकशा करायच्या नसतात, हे त्याला कळत होतं. त्यांनी पुडा द्वारकाबाईच्या हाती दिला, काठी भिंतीला लावली, दोन्ही हात उचलले आणि शांतपणे, नीट, एकही शब्द न गाळता फातिहा म्हटला. गेलेल्या जिवाला अल्ला जन्नत देवो, असं म्हणून तोंडावरून हात फिरवला. मग पुंजारामच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं,

"कोण गेलं, बेटा? घरचं कुणी?"

पुंजारामनं फारूखसाहेबांकडं बघितलं. फारूखसाहेब खाकरले. "कय्युममियाँ, बसा. जरा बसून घ्या."

"मी बसतो. पण गेलं कोण?"

"वो... एक तरह से..." फारूखसाहेबांनी डोक्यावरची टोपी नीट केली. "एक तरह से आपही."

द्वारकाबाईनं रेवड्यांचा पुडा खाली ठेवला. तिनं नवऱ्याकडं बघितलं, आणि तिला सगळं कळलं. ती कुलूप काढून आत गेली. पुंजारामच्या मते, बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कय्युमसाहेब कचेरीत गेले, तर त्यांच्या खुर्चीवर पुंजाराम होता. फारूखसाहेबांनी हात जोडले. "हुकूम झालाय, मियाँ. साहेबांची सही आहे. साहेब दौऱ्याहून येईपर्यंत तुम्ही मरहूम आहात. आमचा नाइलाज आहे."

"मग मी अर्ज करतो की मी जिवंत आहे."

"मेलेल्या माणसाचा अर्ज घेता येत नाही."

"मग कोण करणार?"

"आस्थापनेच्या मेजावरचा अहलकार टिपण मांडील. कायद्यानं तेच काम त्याचं."

सगळ्यांनी पुंजारामकडं बघितलं. पुंजारामनं दौतीकडं बघितलं.

त्यानं टिपण मांडलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आज मांडू, उद्या मांडू. खुर्चीची गादी मधे खोल दबलेली होती, दुसऱ्या माणसाच्या मापानं; पुंजाराम त्या खळग्यात नीट बसत नव्हता, तरी उठवत नव्हतं. पिशोरला निरोप गेला होता, "लागली." कडूबानं गावात गूळ वाटल्याचा उलट निरोप आला होता. आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर, अर्जदारांच्या गर्दीत, कय्युमसाहेब रोज येऊन बसत. घरी बसवत नाही म्हणायचे. कुणी ओळखीचं भेटलं तर हसून सांगायचे, "काम थोडं अडकलंय." बाकावर वारं लागायचं. खोकला परत सुरू झाला.

घरी द्वारकाबाई ताट वाढायची, बोलायची नाही. ओसरीवर म्हाताऱ्याशी बोलायची, जोहराआपांशी बोलायची, मांजराशीसुद्धा बोलायची. शेवटी एका जेवणाला पुंजारामनंच तोंड उघडलं.

"मी काय मुद्दाम केलं का? आपांनी सांगितलं तसं..."

"त्ये चुकून झालं," द्वारकाबाई म्हणाली. "मान्सं चुकत्यात. पर आता रोज सकाळी न्हाऊन, शेरवानी घालून जाता आन त्या म्हाताऱ्याला परत मारता. त्ये चुकून व्हय?"

पुंजाराम ताटावरून उठला. ओसरीवर जाऊन त्यानं कागद काढला आणि टिपण लिहायला घेतलं. कय्युम वल्द अमुक, हा इसम जिंदा असून... म्हाताऱ्यानं बाजेवरून मान लांबवली.

"जिंदा नको. बाजारू शब्द आहे. 'हयात' लिही. आणि 'इसम' काय? मी काय चोर आहे?"

गुरूनं सांगितलं, शिष्यानं लिहिलं. पुंजारामच्या हातून त्याआधी आणि त्यानंतर इतकं सुरेख टिपण उतरलं नाही. दौऱ्याहून आलेल्या साहेबांनी ते एकदाच वाचलं आणि जागच्या जागी दोन हुकूम दिले. कय्युमसाहेब हयात, त्यांची जागा त्यांना. पुंजारामची नेमणूक रद्द, आणि खोटी खबर दिल्याबद्दल उमेदवारांतूनही नाव खारिज. म्हणजे खुर्ची गेली ती गेली, सतरंजीचा कोपराही गेला. हुकमाची नकल उतरवायला त्या मेजावर त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. ती पुंजारामनंच उतरवली. अक्षर चांगलं आल्याचं साहेबांनी बोलून दाखवलं.

कय्युमसाहेब खुर्चीवर परत बसले, पण फार दिवस नाही. बाकावरच्या वाऱ्यानं जे घ्यायचं ते घेतलं होतं. ह्या खेपेला माडगं उतरेना. द्वारकाबाईनं शेक दिला, पाठ चोळली, फहमिदाबेगम रोज आली. एका दुपारी म्हाताऱ्यानं पुंजारामला जवळ बोलावून म्हटलं, "बेटा, ह्या वेळेला नीट बघून जा. हात लावून बघ." आणि हसायला गेले. ते हसणं खोकल्यात गेलं, आणि खोकला थांबला तो थांबलाच.

पुंजारामनं हात लावून बघितलं. कितीतरी वेळ त्यानं हात उचलला नाही. फहमिदाबेगमनंच तो अलगद बाजूला केला.

मग तो कचेरीत गेला. दुसरं कोण जाणार?

"फारूखसाहेब," तो दारातूनच म्हणाला, "कय्युमसाहेब गेले."

फारूखसाहेबांनी मानही वर केली नाही. "कुठं?"

"गेले म्हणजे... खरंच गेले."

"मागच्या वेळी खोटे गेले होते का?" कुणीतरी म्हणालं, आणि सतरंजीवर हशा पिकला. एकानं विचारलं, रेवड्या कधी आणणार? पुंजाराम दारात उभा राहिला, डोळ्यांतून पाणी गळत राहिलं, आणि ते जितकं गळत होतं तितका हशा वाढत होता. शेवटी फारूखसाहेबांनी चष्मा काढून त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग टोपी उचलली आणि त्याच्याबरोबर उस्मानपुऱ्यापर्यंत चालत आले. चादर उचलून बघितल्यावर ते नुसते म्हणाले, "हौ. सच है."

पुंजारामनं खांदा दिला. जागेवर दुसऱ्या दिवशी दुसरा उमेदवार बसला.

आखाजी होऊन गेली होती. आता पिशोरला जाऊन शेरडं राखायची, हे ठरल्यातच जमा होतं. सामान बांधायला काढलं. तेवढ्यात फहमिदाबेगम आवारात आली. पुंजाराम लगबगीनं पुढं झाला. दवाखान्यात कारकुनाची जागा निघाली असणार, नाहीतर बाई उन्हाच्या कशाला येतील?

"जागा निघाली आहे," ती म्हणाली. "सरकारी. पक्की. रुग्णांजवळ बसायला बाई पाहिजे. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलंय, अशी बाई शहरात मिळायची नाही. द्वारका, येशील ना?"

द्वारकाबाईनं पदर खोचला. "येते की. कव्हापसून?"

पुंजाराम बांधलेल्या बोचक्यावर बसला. नोकरी घरात आली होती, फक्त त्याला ओलांडून आत गेली होती.

अर्ज उर्दूत करायचा होता. तो अर्थात पुंजारामनं लिहिला, मोडीव वळणात, एकेक नुक्ता जागच्या जागी. नाव लिहिलं, गाव लिहिलं. मग 'नवऱ्याचा पेशा' आला आणि लेखणी थांबली. शेतकरी म्हणावं, तर बैल हसतील. अहलकार म्हणावं, तर हुकूम आड येतो. उमेदवार म्हणावं, तर तेही खारिज.

"अगं," त्यानं शेवटी आत बघून विचारलं, "नवरा काय करतो म्हनून लिवू?"

द्वारकाबाई चुलीपाशी भाकरी उलटत होती. तिनं मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

"लिवा की," ती म्हणाली, "हयात हाये म्हनून."